श्रीरामपूरची सनद व तेथील संस्कृत विद्या

बंगाल्यांतील श्रीरामपूर हें नांव मराठी ग्रंथसंग्राहकांस मोडी ठशांमुळें परिचित आहे. विल्यम केरी याचें मराठी व्याकरण इ. स. १८०५ त व मोडी ठशांतील कोश १८१० त तेथेंच छापून निघाले. फोर्ट विल्यम कॉलेजांतील वैजनाथ पंडितांचें त्यास साह्य होतें. परंतु केरी, मार्शमन व वॉर्ड या त्रयीनें १८१८ त तेथें स्थापिलेल्या विद्यालयाकडे आपलें लक्ष फारसें गेलेलें नाहीं.

विद्यालयाच्या मूळ पत्रकांतच आशियांतील ख्रिस्ती व इतर तरुणांस पौरस्त्य वाङ्मय आणि युरोपीय शास्त्रें शिकवावयाचीं असा उद्देश नमूद आहे. यांतील ‘व इतर’ हे शब्द दृष्टीआड करूं नयेत. आरंभींच्या ३७ विद्यार्थ्यांत हिंदूही होते. पौरस्त्य वाङ्मयांत अग्रमान संस्कृतास मिळाला, आणि तें स्वाभाविकच होतें. कारण केरी व मार्शमन यांनीं १८०६ पासून रामायण इंग्रजी भाषांतरासह छापावयास घेतलें होतें. हेतु निव्वळ विद्येचा नव्हता, हें उघड आहे. संस्कृत न जाणणाऱ्या धर्मोपदेशकास पंडितवर्ग मोजीत नाहीं, हें त्यांनीं पुरतें ओळखलें होतें. तथापि त्या निमित्तानें ख्रिस्ती मुलांच्या हातीं व्याकरण पडलें, हें मला धर्मप्रचाराच्या हिशेबाहून मोठें वाटतें.

श्रीरामपूर त्या काळीं डेन्मार्कच्या अमलाखालीं होतें. राजा सहावा फ्रेडरिक यानें २३ फेब्रुवारी १८२७ रोजीं सनद देऊन विद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ त गांव इंग्रजांस विकलें गेलें, पण तहांत सनद राखिली गेली. पुढें मात्र विपरीत घडलें. कलकत्ता विद्यापीठ १८५७ त निघाल्यावर वाङ्मयाचे विद्यार्थी त्याच्या परीक्षांस बसूं लागले, आणि सनदेचा अधिकार तसाच पडून राहिला. तो प्रथम वापरला १८१५ त नव्हे, तर १९१५ त, आणि तोही ईश्वरविद्येच्या पदवीपुरता! १९१८ च्या कायद्यानें ही व्यवस्था पक्की झाली. ज्या वाङ्मयाचें नांव मूळ पत्रकांत ठळक होतें, त्याची पदवी आजही तेथील विद्यार्थ्यास कलकत्त्याचीच मिळते.

केरीच्या बहुभाषी कोशाचें हस्तलिखित ११ मार्च १८१२ च्या आगींत भस्म झालें. तेव्हां श्रीरामपुरी पुस्तकें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं कोऱ्या पानांवरील नांवें व टिपणें, कितीही क्षुल्लक दिसलीं तरी, पुनर्बांधणीपूर्वीं उतरून ठेवावीं.