ही वाट कुणाची? माउंट टॅमलपायसच्या पायवाटांची गोष्ट



बे एरियातल्या आपल्या मंडळींना हल्ली पळण्याचं चांगलंच वेड लागलंय. कुणी हाफ मॅरेथॉनची तयारी करतंय, तर कुणाला डॉक्टरांनी साखरेवरून दम दिल्यामुळे बूट घालून बाहेर पडावं लागलंय. शनिवारी सकाळी गोल्डन गेट ब्रिज ओलांडून मरीन काउंटीत गेलात, तर एखाद्या चढावर मागून हमखास ऐकू येतं, "अगं, जरा दमानं!" म्हणून आज पळण्याच्या वाटांबद्दल बोलू या. बूट कुठले घ्यावेत आणि पाणी किती प्यावं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला सांगायचंय ते त्या वाटांच्या इतिहासाबद्दल. एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला रेडवूडचं जंगल आणि मधून जाणारी ही मातीची वाट आपोआप टिकलेली नाही. ती कुणीतरी वाचवली, आणि तिच्यावर पाय ठेवण्याचा हक्क कुणाकुणाला भांडून मिळवावा लागला.

सुरुवात करू डिप्सी ट्रेलपासून. मिल व्हॅली या टुमदार गावातून निघून माउंट टॅमलपायसच्या खांद्यावरून समुद्रकाठच्या स्टिन्सन बीचला उतरणारी ही वाट साधारण साडेसात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरची आहे. गाव सोडता सोडताच ६८८ पायऱ्या लागतात. पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, म्हणजे जवळपास पावणेसात पर्वत्या एका दमात! त्यानंतर म्यूर वूड्सच्या झाडीत उतार, रेडवूड क्रीक नावाचा ओढा, आणि मग पुन्हा खडा चढ. त्या चढाच्या माथ्याला पळणाऱ्यांनी 'कार्डिॲक' असं नाव ठेवलंय, यावरून काय ते समजा. तिथे पोचलात की समोर अचानक समुद्र दिसतो. आता फक्त उतारच उरला, असं वाटत असतानाच शेवटी आणखी एक छोटा चढ येतो. त्याचं नाव 'इन्सल्ट'.

या वाटेवर दरवर्षी जून महिन्यात शर्यत होते. अमेरिकेतली ही सगळ्यात जुनी डोंगरवाटेवरची शर्यत. तिची सुरुवात एका पैजेतून झाली. १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबातले काही सभासद समुद्रकाठी नव्यानेच उघडलेल्या 'डिप्सी इन' या हॉटेलकडे निघाले होते. तेव्हा गोल्डन गेट ब्रिज नव्हता, तो झाला १९३७ मध्ये. फेरीबोटीने खाडी ओलांडायची, आगगाडीने मिल व्हॅली गाठायची आणि पुढे डोंगर पायी चढायचा. त्यांच्यातल्या चार्ल्स बोआस आणि अल्फॉन्स कोनी या दोघांत पैज लागली, की मिल व्हॅलीहून हॉटेलापर्यंत आधी कोण पोचतो. बोआस जिंकला. मंडळींना त्यात इतकी मजा आली, की पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, रीतसर शर्यत सुरू झाली.

आता पहिला प्रश्न. या शर्यतीत कोण धावू शकत होतं? फक्त पुरुष. त्या काळात हौशी खेळांवर ज्या संघटनेचा ताबा होता, तिच्या नियमांत बायकांनी अशा शर्यतीत उतरणं बसत नव्हतं. मग १९१८ साली एक पळवाट निघाली. बायकांसाठी वेगळा कार्यक्रम ठरला आणि त्याला 'रेस' न म्हणता 'हाइक' म्हटलं गेलं. कागदावर ती पदयात्रा. प्रत्यक्षात त्या बायका त्याच पायऱ्या, तोच चढ आणि तोच उतार धावत गेल्या. पाच वर्षं हा प्रकार चालला. बायकांच्या प्रकृतीला हे झेपणार नाही, असे आक्षेप येत राहिले आणि १९२२ नंतर तो बंद पडला. नंतरच्या काळात काही जणी नियम न जुमानता पुरुषांबरोबर पळाल्या, पण नोंदीत त्यांची नावं आली नाहीत.

डिप्सी शर्यतीने बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७१ मध्ये. आणि त्याच वर्षी शर्यत जिंकली कुणी? फ्रान्सिस कॉनली या बाईंनी. त्या मेंदूच्या शल्यचिकित्सक. पुढे स्टॅनफर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या प्राध्यापक झाल्या. ज्यांच्या प्रकृतीला झेपणार नाही म्हणून दार बंद ठेवलं होतं, त्यांच्यातलीच एक दार उघडल्याबरोबर सगळ्यांच्या पुढे निघून गेली.

तुम्ही विचाराल, बायका पुरुषांच्या पुढे कशा? तीच या शर्यतीची गंमत आहे. इथे वय आणि स्त्री-पुरुष भेद लक्षात घेऊन आधी सुटायची सवलत मिळते. लहान मुलं आणि आजी-आजोबा आधी सुटतात, ऐन तारुण्यातले तगडे पळणारे सगळ्यात शेवटी. पहिली तुकडी आणि शेवटची तुकडी यांच्यात पंचवीस मिनिटांचं अंतर असतं. जो आधी पोचेल तो विजेता. म्हणूनच २०१० मध्ये ही शर्यत आठ वर्षांच्या एका मुलीने जिंकली आणि २०१२ मध्ये बहात्तर वर्षांच्या हान्स श्मिड यांनी. जॅक कर्क नावाचे एक गृहस्थ १९३० साली इथे पहिल्यांदा पळाले आणि २००२ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीही, त्यांनी ही वाट पुरी केली. नातवंडं आणि आजोबा एकाच शर्यतीत खरोखर बरोबरीने उतरू शकतात, असे खेळ जगात फार थोडे.

पण पळायला वाट हवी, आणि वाटेला जंगल हवं. आता त्या जंगलाकडे वळू.

डिप्सी ट्रेल म्यूर वूड्सच्या ज्या खोऱ्याच्या कडेने जातो, तिथली झाडं कित्येक शतकांची आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे बहुतेक जुने रेडवूड घरं आणि गोद्या बांधण्यासाठी एकोणिसाव्या शतकातच तोडले गेले. हे खोरं अडचणीच्या जागी होतं म्हणून उरलं. १९०५ साली विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी इथली ६११ एकर जमीन ४५,००० डॉलरना विकत घेतली. ते डिप्सी इन हॉटेलही याच केंटसाहेबांचं. दोन वर्षांनी एका पाणी कंपनीला याच ओढ्यावर धरण बांधायचं होतं. झाडं तोडायची, खोरं बुडवायचं, आणि मालक देत नसेल तर कोर्टातून जमीन सक्तीने घ्यायची, असा बेत होता. केंट यांनी त्यावर नामी उपाय काढला. खोऱ्यातली २९५ एकर जमीन त्यांनी सरळ केंद्र सरकारला दान करून टाकली. ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. केंट यांच्याच इच्छेवरून तिला निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांचं नाव मिळालं. सरकारच्या मालकीच्या जमिनीवर धरण कंपनीचं काही चालेना.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. अनेक वर्षं ती एवढीच सांगितली जात होती. पण आपण आशियातून आलेली माणसं, म्हणून आपल्याला पुढची गोष्टही माहीत असली पाहिजे.

हेच विल्यम केंट नंतर काँग्रेसमध्ये निवडून गेले. राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणारं खातं ज्या १९१६ च्या कायद्याने उभं राहिलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. आणि आशियाई लोकांनी अमेरिकेत यावं, इथे जमीन घ्यावी, याला त्यांचा उघड विरोध होता. ते एकटेच नव्हते. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की ज्यांना अमेरिकेचं नागरिक होता येत नाही अशा परदेशी माणसांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या काही भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. ते दार पुन्हा उघडलं १९४६ मध्ये.

याच काळात, याच डोंगराच्या पूर्वेला, सॅन राफेल गावात एक मराठी तरुण होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म १८८४, वर्ध्याचे. मायदेश सोडवायचा तर लष्करी विद्या शिकली पाहिजे, या ध्यासाने ते जपानमार्गे अमेरिकेत आले, पडेल ती कामं केली आणि सॅन राफेलच्या माउंट टॅमलपायस मिलिटरी अकॅडमीत शिकले. पुढे गदर चळवळीच्या उभारणीत ते होते. नंतर मेक्सिकोत जाऊन त्यांनी शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव काढलं. ते डिप्सीच्या वाटेवर चालले की नाही, हा मुद्दा नाही. पण या डोंगराच्या पायथ्याशी मराठी माणूस पहिल्यांदा आला तो आयटीच्या लाटेबरोबर नव्हे, एवढं मुलांना जरूर सांगा.

आणि या सगळ्यांच्याही आधी इथे कोण होतं? कोस्ट मिवोक लोक. टॅमलपायस हे नाव त्यांच्याच भाषेतून आलंय. आज आपण ज्यांना ट्रेल म्हणतो, त्यातल्या काही वाटा त्यांच्या पायांनीच मळलेल्या असाव्यात, असं मानलं जातं. १८१७ मध्ये सॅन राफेलला स्पॅनिश मिशन उभं राहिलं आणि त्या लोकांचं जुनं जगणं मोडलं. त्यांचे वंशज आजही आहेत. २००० साली त्यांच्या जमातीला केंद्र सरकारची मान्यता पुन्हा मिळाली.

२०२१ मध्ये म्यूर वूड्समधल्या रेंजर मंडळींनी एक चांगलं काम केलं. जंगल कसं वाचलं, ते सांगणारा एक जुना फलक तिथे होता. तो त्यांनी काढला नाही. त्यावर पिवळ्या चिठ्ठ्यांसारख्या नोंदी जोडल्या. मिवोक लोक, जंगलासाठी झटलेल्या बायका, केंट यांचं आशियाई लोकांबद्दलचं धोरण, असं सगळं जे राहून गेलं होतं ते जागच्या जागी लिहिलं. जुलै २०२५ मध्ये त्या नोंदी काढून टाकण्यात आल्या. फलकावर आता नाही, म्हणून तर आपण ते आपल्या भाषेत सांगायचं.

केंट यांनी झाडं वाचवली, हे खरं. आपल्यासारख्यांना ते इथे येऊ देणार नव्हते, हेही तितकंच खरं. एक सांगताना दुसरं झाकायचं कारण नाही. त्यांनी जमीन दिली ती सरकारला, म्हणजे सगळ्यांना. या 'सगळ्यां'मध्ये आपण असू, असं त्यांच्या मनात नव्हतं. पण आज आहोत.

शेवटची गोष्ट जरा अलीकडची. गोल्डन गेट ब्रिजच्या उत्तर टोकाला मरीन हेडलँड्सच्या उघड्या, वाऱ्याच्या टेकड्या आहेत. १९६४ मध्ये तिथे 'मरिनचेलो' नावाचं नवं शहर बांधायचं ठरलं होतं. तीस हजार वस्ती आणि पन्नास उंच इमारती! मंजुरी मिळाली, रस्ता खोदायलाही सुरुवात झाली. स्थानिक लोक आणि काही वकील कोर्टात गेले आणि त्यांनी काम रोखून धरलं. अखेर १९७२ मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ती जमीन विकत घेतली आणि ती त्याच वर्षी स्थापन झालेल्या गोल्डन गेट राष्ट्रीय क्षेत्रात गेली. त्या शहरासाठी खोदलेला रस्ता आज मरिनचेलो ट्रेल म्हणून ओळखला जातो. टेनेसी व्हॅलीहून त्या चढावर धावाल, तेव्हा आपण न झालेल्या शहराच्या रस्त्यावरून पळतोय, हे आठवा.

तर मग कधी जाताय? मुलं लहान असतील, आई-बाबा भारतातून आले असतील, तर टेनेसी व्हॅलीचा सपाट रस्ता धरा. पावणेदोन मैलांत समुद्र येतो. बेताचा चढ हवा असेल तर मिल व्हॅलीहून ओल्ड रेलरोड ग्रेड घ्या. १८९६ मध्ये इथून डोंगरावर आगगाडी जायची, २८१ वळणं घेत. गाडी गेली, तिचा सौम्य चढ पळणाऱ्यांच्या वाट्याला आला. आणि गुडघे धड असतील तर डिप्सी. म्यूर वूड्सला गाडी न्यायची तर पार्किंग आधी आरक्षित करावं लागतं, ते विसरू नका. आणि वाटेकडेची तीन-तीन पानांची झुडपं दिसली तर हात लावू नका. तो पॉयझन ओक, आठवडाभर खाजवत बसाल.

कार्डिॲकच्या माथ्यावर दम खायला थांबाल तेव्हा मुलांना यातली एखादी गोष्ट सांगा. 'हाइक'च्या नावाखाली पळालेल्या बायकांची, नाहीतर वर्ध्याहून आलेल्या खानखोजे यांची. ही वाट कुणाची, असं पोरांनी विचारलं तर सांगा, जो तिच्यावर चालतो आणि तिची काळजी घेतो त्याची. आणि मग त्यांना पुढे पळू द्या. डिप्सीचा नियमच आहे, लहानांनी आधी सुटायचं.