गळ एक, आमिषे पाच

श्रोतेहो, इतिहासाच्या प्राध्यापकाने गळाविषयी बोलावे हे तुम्हांला थोडे विचित्र वाटेल. आमच्या विषयात तलवारी असतात, तोफा असतात, ताम्रपट असतात. गळ कुठे नसतो. पण पोटासाठी माणसाने केलेली जी अगदी जुनी हत्यारे आहेत, त्यांत गळाची गणना होते, आणि तलवार केव्हाच म्यान झाली तरी गळ अजून पाण्यात आहे. तेव्हा त्याचाही इतिहास कुणीतरी सांगावा.

निमित्त घडले ते असे. माझा एक जुना विद्यार्थी बदलापूरला राहतो. नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, आणि रविवार उल्हास नदीच्या काठावर. गेल्या माघात तो घरी आला आणि पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. मला आधी वाटले, लहान मुलाची मोडकी छत्री आहे. पुढे शिशाचे एक डोके, त्याला माशासारखे डोळे रंगवलेले. त्या डोक्यातून छत्रीच्या काड्यांसारख्या पाच तारा निघालेल्या, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला बोटभर लांबीची रबरी मासोळी. शेपटी अशी की पाण्यातून ओढली की वळवळावी. प्रत्येक मासोळीच्या पोटात एक गळ. म्हणजे दोरी एक, काठी एक, आणि आमिषे पाच. "सर, हे अमेरिकेत बास माशासाठी काढलंय. आपल्याकडे चालेल का?" असा त्याचा प्रश्न.

बास हा अमेरिकेतल्या तळ्यांतला शिकारी मासा. आपल्या नद्यांत तो नाही. इंग्रज लोक आपल्या जिताड्याला आशियाई समुद्री बास म्हणतात, पण ते नावापुरतेच नाते. तरी स्वभाव दोघांचा एकच. दोघेही आडोशाला दबा धरून बसतात आणि समोरून जाणाऱ्या मासोळीवर झेप घेतात. गोड्या पाण्यात हेच काम आपली मरळ करते, शिवडा करतो. म्हणून त्या पोराचा प्रश्न अगदीच पोरकट नव्हता.

या छत्रीची हकीकत आधी सांगतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मसल शोल्स नावाचे गाव आहे. तिथल्या अँडी पॉस या मासेमाराने ती गोड्या पाण्यासाठी तयार केली. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. तिकडच्या समुद्रात बोटीमागून अशा छत्र्या ओढण्याचा प्रघात आधीपासून होता. ऑक्टोबर २०११ मध्ये गंटर्सव्हिल तलावावर मोठी स्पर्धा झाली. तीत पॉल इलायस या नामांकित खेळाडूने हे साधन वापरले आणि चार दिवसांत शंभर पौंडांवर मासे धरून पहिला क्रमांक मिळवला. झाले! गावोगावच्या दुकानांतून छत्र्या नाहीशा झाल्या. आणि लगेच वादही पेटला. ही कला की कापाकापी? बासच्या मोठ्या संस्थेने २०१२ पासून आपल्या वरच्या दर्जाच्या स्पर्धांत तिला बंदी केली. काही राज्यांनी मधला मार्ग काढला. तारा पाच असू द्यात, पण गळ ठरावीकच. बाकीच्या तारांना नुसती रबरी मासोळी बांधावी.

हा वाद मला ओळखीचा वाटला, कारण माशाला फसवण्याची शास्त्रीय चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी. हे आपले ठाणे जिल्ह्यातले कल्याण नव्हे बरे का. हे बीदरकडचे, आजचे बसवकल्याण. वर्गात दरवर्षी एक तरी विद्यार्थी हा घोटाळा करतो, म्हणून शिक्षक बंधूंसाठी मुद्दाम सांगितले. ग्रंथाचे प्रकरण शंभर. त्यांत राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे इथपासून स्वयंपाक, संगीत, हत्तींच्या झुंजी इथपर्यंत सर्व काही आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला. पहिला भाग १९२५ साली निघाला.

त्यात करमणुकीच्या प्रकारांमध्ये 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहिला आणि विद्वानांचे लक्ष तिकडे गेले. राजाने माशांची यादी दिली आहे. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते. मग काठी, दोरी, गळ. आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य द्यावे, पिठाचे गोळे कुणाला, मांस कुणाला, तेही त्याने सांगितले आहे. माशांना आधी खाऊ घालून पोसावे आणि मगच गळ टाकावा, ही त्याची पद्धत. इंग्लंडात गळावरचे पहिले पुस्तक छापले गेले १४९६ साली. म्हणजे आमचा राजा त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीचा. हे सांगताना छाती फुगवण्याचा माझा हेतू नाही. राजाला ही माहिती आकाशातून मिळाली नव्हती. कुठल्या तरी भोयाने, कोळ्याने ती त्याला सांगितली असणार, आणि त्याचे नाव ग्रंथात नाही.

ही नावे गाळण्याची खोड जुनीच. तिला एक बरा अपवाद आहे तो कर्नल साइक्स याचा. मुंबई सरकारच्या नोकरीतला हा अधिकारी दख्खनभर फिरला आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नवी नावे ठेवताना त्याने पुष्कळदा कोळ्यांच्या तोंडचे मराठी शब्दच उचलले. पुण्याच्या मुळा-मुठेतला एक मोठा मासा, आपण ज्याला खडस म्हणतो, तो त्याने 'खुद्री' या नावाने नोंदवला. 'कोळस' तसाच राहिला, 'मळ्या' तसाच राहिला. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत या माशांची नावे लॅटिन थाटात घेतली जातात, पण आतला शब्द आपल्या नदीकाठचा आहे.

पुढे मंगळूरकडे एच. एस. थॉमस नावाचा कलेक्टर होता. त्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर मोठे पुस्तक लिहिले. चमच्याच्या आकाराचा चकचकीत पत्रा पाण्यातून ओढून खडस कशी धरावी, हे त्यात आहे. पण या माणसाने आणखी एक गोष्ट केली. नद्यांत विष कालवणे, बारीक जाळ्यांनी पिल्ले उपसणे, यांविरुद्ध तो सरकारदरबारी सतत लिहीत राहिला. १८९७ साली मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला, त्यात सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्याला बंदी आली. गळाने मासा मारण्याचा शौक असलेलाच मनुष्य माशांसाठी भांडतो, हे वरवर विसंगत दिसते. मला ते तसे वाटत नाही. ज्याला मासा हवा असतो, त्यालाच मासा संपल्याचे आधी कळते.

आता आमच्या प्रयोगाकडे येतो. एका रविवारी पहाटे आम्ही बदलापूरच्या वरच्या अंगाला एका डोहावर गेलो. उल्हास ही तशी भाग्यवान नदी. राजमाचीच्या डोंगरात उगम, कर्जत-नेरळवरून खाली बदलापूर, मग कल्याण आणि शेवटी वसईची खाडी. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून घाटावरचे पाणी खाली येते, ते तिला मिळते. म्हणून कोकणातल्या इतर नद्या शिमग्यानंतर आटतात तेव्हाही हिच्यात धार असते.

पहिल्या फेकीला छत्री वर आली ती प्लास्टिकची पिशवी घेऊन. दुसऱ्या फेकीला पुन्हा पिशवी. पाच गळ म्हणजे कचरा धरायलाही पाच हात! साधन जड, काठी वाकते, मनगट दुखते. पलीकडच्या खडकावर गरवत बसलेले एक आगरी बाबा आमच्याकडे पाहून हसले. म्हणाले, "मास्तर, नदी साफ करताव का?" मी म्हटले, "तेच समजा बाबा."

उन्हे वर येता येता काठीला एकदम हिसका बसला. ओढून पाहतो तो एका वेळी दोन मरळ, वीत-दीड वीत लांबीच्या. विद्यार्थी उड्या मारू लागला. पण जवळ घेऊन पाहिले तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. एका मरळीने आमिष तोंडात घेतले होते. दुसरी मात्र नुसती जवळून जात असावी. शेजारचा गळ तिच्या कुशीत रुतून मांस फाटले होते. फसून गळाला लागणे वेगळे, आणि हे वेगळे. ती पाण्यात सोडून जगली नसती. ती आम्ही बाबांना दिली, त्यांनी मुकाट्याने टोपलीत टाकली.

मग मी पक्कड मागितली आणि चार मासोळ्यांचे गळ काढून टाकले. मधल्या, जरा मोठ्या मासोळीचा गळ तेवढा ठेवला. विद्यार्थी कुरकुरला. तास-दीड तास काही लागले नाही, तेव्हा तो आणखी कुरकुरला. शेवटी दहाच्या सुमारास एक मरळ लागली, नीट ओठात. गळ सोडवला आणि ती पाण्यात परत टाकली. एका सकाळच्या अनुभवावर सिद्धांत बांधू नये, असे मी वर्गात सांगत असतो. तरी छत्रीचे मर्म मला तिथे कळले. शिकारी मासा भुलतो तो मासोळ्यांच्या थव्याला, आणि झडप घालतो त्या थव्यातल्या एकीवर, जी जरा वेगळी, जरा मागे पडलेली दिसते तिच्यावर. थवा दिसायला पाच मासोळ्या पुरतात, पाच गळ लागत नाहीत. अमेरिकेतल्या काही राज्यांनी कायद्याने जे सांगितले ते आम्हांला पक्कडीने कळले.

पण श्रोतेहो, सगळेच मासे आमिषाला भुलतात असे नाही. उल्हासनगर तुम्हांला ठाऊक आहे. महायुद्धात तिथे लष्कराची कल्याण कँप होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिथे राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे उल्हासनगरची कोनशिला बसवली. या सिंधी मंडळींचा जीव की प्राण म्हणजे पल्ला मासा. त्यांच्या झूलेलालाचे चित्र पाहा, तो याच माशावर आरूढ असतो. मराठीत हाच पाला. तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे त्याच्यापुढे पाच नव्हे पन्नास रबरी मासोळ्या नाचवल्या तरी उपयोग नाही. सिंधू नदीवरचे मासेमार मातीच्या मोठ्या माठावर पोट टेकून तरंगत, आणि हातातल्या जाळ्याने समुद्रातून वर चढणारा पल्ला धरीत. १९५५ साली कोटरीचा बंधारा झाला आणि पल्ल्याची वर जायची वाट अडली. जाळे तेच, माठ तोच, मासा येईनासा झाला.

आपल्याकडे ही वाट दोन्ही बाजूंनी अडते. मृगाचा पाऊस पडला की अंडी घेऊन मासे ओढ्यांतून, भातखाचरांतून वर चढतात. त्याला आपण वलगण म्हणतो. वलगणीचे मासे खाण्याची मौज मी नाकारत नाही. मीही खाल्ले आहेत. पण पोटात गाबोळी असलेली मासळी टोपल्यांनी उपसायची आणि आश्विनात नदीत मासे नाहीत म्हणून ओरडायचे, हे कसे जमावे? खाडीच्या अंगाला जिताड्याची तऱ्हा आणखी निराळी. तो लहानपणी नर असतो आणि पुढे मोठा होऊन मादी होतो. म्हणजे काट्यावर मिरवावा असा मोठा जिताडा ही बहुधा आईच असते.

आणि वालधुनी? अंबरनाथचे शिवमंदिर या वालधुनीच्या काठी आहे. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा त्यातला लेख शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळाचा. सोमेश्वराने मत्स्यविनोद लिहिला त्याच्या सत्तर वर्षे आधी हे देऊळ उभे होते. त्याच नदीत २०१४ साली टँकरमधून रसायन ओतले गेले, त्याचा वायू उठला आणि उल्हासनगरच्या शेकडो माणसांना इस्पितळात न्यावे लागले. जिच्या काठावर माणूस गुदमरतो, तिच्यात मासा काय करील? परतीच्या वाटेवर आम्ही देवळाशी थांबलो. पूल ओलांडताना विद्यार्थ्याने पाण्याकडे पाहिले, पण काठी पिशवीतून काढली नाही.

शिक्षक बंधूंना एक विनंती करतो. साइक्सने केले ते काम प्रत्येक नदीकाठच्या शाळेला करता येईल. मुलांना वही द्या, आणि गावातल्या कोळी, आगरी, कातकरी म्हाताऱ्यांकडून माशांची नावे लिहून आणायला सांगा. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला मासा कुठे आणि कोणत्या महिन्यात दिसतो ते. आम्ही बदलापूरच्या बाजूला ही वही सुरू केली आहे. डोहावरच्या त्या बाबांनीच पहिली पाने भरून दिली. त्यांतल्या काही नावांपुढचा दुसरा रकाना अजून रिकामा आहे. बाबांनी तो मासा लहानपणी खाल्ला आहे. आम्हांला दाखवायला मात्र त्यांना तो सापडला नाही.