कौंडण्यपूर–पंढरपूर पायी वारी

वऱ्हाडातून आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पायी जाणारी पालखी परंपरा. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी वसलेले कौंडण्यपूर हे विदर्भराज भीष्मकाची राजधानी, म्हणजेच रुक्मिणीचे माहेर मानले जाते. त्यामुळे येथील पालखी विठ्ठलाची नव्हे, तर रुक्मिणीची असते. संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये ही वारी सुरू केली, असे परंपरा सांगते.

आळंदी-देहूच्या पालख्या जेमतेम तीन आठवड्यांत पंढरी गाठतात. वऱ्हाडच्या वारकऱ्यांना मात्र महिनाभर आधी, उन्हाळा सरण्यापूर्वीच निघावे लागते. टाळ, मृदंग, पताका, गावोगावच्या पंगती आणि रात्रीचे कीर्तन, असा मुक्कामामुक्कामाने प्रवास होतो. पंढरपूरजवळच्या वाखरीला ही पालखी इतर पालख्यांना मिळते.

२०२१ मध्ये कोरोनामुळे पायी वारीला मनाई झाली. तेव्हा मानाच्या दहा पालख्यांना एसटीने पंढरपूरला जाण्याची परवानगी मिळाली. त्यांत कौंडण्यपूरची पालखी होती.

वऱ्हाडातून पंढरपूरला जाणारी आणखी एक मोठी दिंडी शेगावच्या गजानन महाराजांची; ती अकोला जिल्ह्यातून जाते. नागझरी, पारस, गायगावमार्गे ती अकोला शहरात येते, पुढे वाडेगाव, पातूरकडे वळते आणि मराठवाडा ओलांडून पंढरपूरला पोहोचते.