गिरमिटापासून जागतिक कराराकडे

ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें संपली. पण उंसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. त्याच वर्षीं हिंदी मजूर मॉरिशसला जाऊं लागले. पुढें मुंबई बंदरांतून कोंकणांतील माणसेंहि त्याच वाटेनें गेलीं. बहुधा पांच वर्षांचा करार असे. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचें मजुरांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें. मजुरांचा रक्षक म्हणून सरकारी अंमलदार असे. परंतु काम सोडून जाणें हा फौजदारी गुन्हा असल्यामुळें मजुराला रक्षकापेक्षां तुरुंगच जवळ होता.

फेब्रुवारी १९१० मध्यें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत, दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतीसाठीं होणारी गिरमिटी भरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो मान्य झाला व १ जुलै १९११ पासून ही भरती थांबली. गिरमिट सर्वत्रच रद्द व्हावें हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला. सर्व भरती थांबण्यास १९१७ साल उजाडावें लागलें.

१९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. परदेशीं राबणाऱ्यांचें हितरक्षण हें कर्तव्य तिच्या घटनेच्या प्रस्तावनेंतच नमूद आहे. संयुक्त राष्ट्रांनीं तर १९९० सालीं स्थलांतरित कामगार व त्यांचीं कुटुंबें यांच्या हक्कांचा विस्तृत करार संमत केला. तो २००३ सालीं अंमलांत आला. परंतु त्यास मान्यता देणारीं राष्ट्रें बहुतेक मजूर पाठविणारीं. अमेरिका, पश्चिम युरोपांतील राष्ट्रें आणि आखाती राज्यें त्यापासून दूरच राहिलीं. हिंदुस्थानहि त्यांत सामील झाला नाहीं.

म्हणून हे प्रयत्न व्यर्थ ठरले काय? तसें म्हणतां येत नाहीं. कतारमध्यें ‘कफाला’ पद्धतीमुळें मालकाच्या संमतीवांचून नोकरी बदलतां येत नसे. मजूर संघटनेकडे झालेली तक्रार आणि २०२२ च्या विश्वचषकामुळें खिळलेली जगाची नजर यांच्या दडपणाखालीं २०२० सालीं ही अट रद्द झाली. व्यवहारांत अडथळे उरले, तरी कायदा बदलला.

नाताळच्या मळेवाल्यांना मजूर गमावण्याची भीति होती, कतारला लौकिक गमावण्याची. जेथें घेणाऱ्यास कांहीं गमवावें लागतें, तेथेंच कागदावरील हक्कास धार येते. अशा प्रत्येक प्रयत्नाची कसोटी एकच आहे: जाचक काम सोडून मजुराला निर्भयपणें बाहेर पडतां येतें काय?