किशी रेल्वे स्थानक : एका ग्रामीण रेल्वेमार्गाच्या पुनरुज्जीवनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
जपानच्या वाकायामा प्रांतातील किशी हे १४.३ किलोमीटर लांबीच्या किशीगावा मार्गावरील अंतिम स्थानक होय. 'तामा' नावाच्या मांजरीस स्थानकप्रमुखपद दिल्यामुळे ते जगप्रसिद्ध झाले. तथापि 'मांजरीने रेल्वे वाचविली' ही लोकप्रिय समजूत कालानुक्रमाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सदर मार्गाचा प्रारंभ १९१६ मध्ये झाला. परिसरातील तीन प्राचीन शिंतो देवस्थानांना जाणाऱ्या यात्रेकरूंची सोय हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. १९३३ मध्ये मार्ग किशीपर्यंत वाढविण्यात आला व १९६१ मध्ये तो नानकाई इलेक्ट्रिक रेल्वेकडे आला. पुढे खाजगी मोटारींचा प्रसार होऊन प्रवासी घटले. अखेर २००४ मध्ये, सततच्या तोट्यामुळे, कंपनीने मार्ग सोडण्याचा निर्णय जाहीर केला.

लोकसहभाग व शासन :
या निर्णयानंतर रहिवाशांनी संघटना उभारली आणि वार्षिक वर्गणी भरून हजारो नागरिक तिचे सभासद झाले. प्रांतशासनाच्या अर्थसाहाय्याने स्थानिक नगरशासनांनी मार्गाखालील जमीन स्वतःकडे घेतली; तसेच दहा वर्षांत कमाल ८२ कोटी येनपर्यंतची तूट भरून देण्याचे मान्य केले. ओकायामा इलेक्ट्रिक ट्रामवेने स्थापन केलेल्या वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वेने १ एप्रिल २००६ पासून वाहतूक हाती घेतली.

तामाची नियुक्ती :
खर्चकपातीसाठी किशी स्थानक कर्मचारीरहित करण्यात आले होते. स्थानकालगतच्या दुकानदाराकडील तामाचा निवारा हलवावा लागणार होता. मालकिणीच्या विनंतीवरून कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबु कोजिमा यांनी ५ जानेवारी २००७ रोजी तामाची नियुक्ती केली. म्हणजेच मनुष्य कर्मचारी उरला नाही, म्हणूनच हे पद मांजरीकडे आले, ही बाब विसरता येत नाही. २०१० मध्ये मांजरीच्या मुखाच्या आकाराची नवी इमारत उभी राहिली. २२ जून २०१५ रोजी तामाचा मृत्यू झाला. स्थानकातच तिचे देवस्थान उभारण्यात आले.

निष्कर्ष :
उपरोक्त घटनाक्रमावरून असे दिसते की, तामा पदावर येण्यापूर्वीच मार्ग वाचला होता. तिच्यामुळे दूरचे पर्यटक आले, उत्पन्नास हातभार लागला, हे निर्विवाद आहे. परंतु जमिनीचा भार शासनाने, संचालनाची जबाबदारी कंपनीने व आग्रहाची बाजू रहिवाशांनी उचलली नसती, तर स्थानकच उरले नसते. केवळ मांजरीची कथा सांगितल्यास या सामूहिक प्रयत्नाचे श्रेय हरवते. आणि अन्यत्र बंद पडू पाहणाऱ्या ग्रामीण मार्गांना त्यातून घेता येण्याजोगा धडाही हरवतो.