दगड, फोटो आणि मोजमाप : फोटोग्रॅमेट्रीत पाऊल टाकणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात गावोगावी देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, उभे आहेत. बहुतेकांवर लेख नाही आणि कित्येकांची नोंद कुठल्याच वहीत नाही. काहींवर शेंदराचे थर चढले, काहींना ऑइलपेंट लागला, काही नव्या सभामंडपाच्या पायात गेले. गावचे शिक्षक, इतिहासाचे विद्यार्थी, सुट्टीत गडकिल्ले हिंडणारी मुले-मुली यांनी मनावर घेतले तरच यांतल्या उरलेल्यांची मापे होतील. त्यासाठी लागणारी संगणकीय साधने आज मोफत आणि मुक्त स्रोत स्वरूपात मिळतात. या कामात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत.

फोटोग्रॅमेट्री म्हणजे फोटोंवरून वस्तूचा आकार आणि मापे काढण्याची विद्या. एकच बिंदू दोन वेगळ्या जागांवरून पाहिला, तर दोन दृष्टिरेषा जिथे मिळतात तिथे तो असतो. सगळी इमारत या एका भूमितीवर उभी आहे. १८५८ साली जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापे घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण वास्तुतज्ज्ञ उंचावरून पडता पडता वाचला आणि मापे छायाचित्रावरूनच का घेऊ नयेत, या विचाराने त्याला घेरले. १८८५ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्याच्यासाठी बर्लिनला संस्था काढली. तिने जमवलेली वास्तूंची छायाचित्रे दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना कामी आली.

अफगाणिस्तानातल्या बामियानचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. मार्च २००१ मध्ये तिथल्या बुद्धमूर्ती उद्ध्वस्त झाल्या. त्यांतल्या ५० मीटरांहून उंच मूर्तीचे मोजमापयोग्य फोटो ऑस्ट्रियाचे प्राध्यापक कोस्टका यांनी १९७० साली घेऊन ठेवले होते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्या फोटोंच्या आधारे मूर्तीचे त्रिमिती प्रारूप संगणकावर उभे केले. फोटो घेताना असे काही करता येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून माझे ठाम मत आहे, की या विद्येत खरा दस्तऐवज म्हणजे मूळ फोटो. प्रारूप हे त्या त्या काळातल्या सॉफ्टवेअरने केलेले त्यांचे वाचन. उद्याचे सॉफ्टवेअर तेच फोटो अधिक चांगले वाचील.

पूर्वी कॅमेरा कुठे उभा होता हे आधी मोजून ठेवावे लागे. आता संगणक फोटोफोटोंतल्या समान खुणा शोधून तेही स्वतःच काढतो. अशा खुणा ओळखण्याची सिफ्ट ही पद्धत डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडली आणि २०२० साली तिच्या पेटंटची मुदतही संपली. सुरुवातीला मेशरूम हे सॉफ्टवेअर घ्यावे: फोटो आत टाकले की कामाचा एकेक टप्पा पडद्यावर चौकटींच्या साखळीत दिसतो, त्यामुळे शिकणाऱ्याला आत काय चालले आहे ते कळते. कोलमॅप संशोधकांच्या विशेष पसंतीचे. दोन्हींत वस्तूच्या पृष्ठभागाचे दाट बिंदू काढण्याच्या टप्प्याला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड लागते. ते नसेल तर वेबओडीएम किंवा फ्रान्सच्या राष्ट्रीय नकाशा संस्थेत घडलेले मिकमॅक साध्या प्रोसेसरवरही चालते. वेळ मात्र भरपूर लागतो. मुक्त स्रोताचे मोल मोफत असण्याहून मोठे आहे. आकडे कोणत्या गणिताने आले हे कुणालाही उघडून पाहता येते आणि तेच फोटो देऊन पुन्हा तपासता येते. अभ्यासाच्या क्षेत्रात याहून अधिक काय मागावे?

तरीही निकाल लागतो तो फोटो काढतानाच. दगडाभोवती दोन-तीन उंचींवरून फिरा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान दोन तृतीयांश भाग पुन्हा यायला हवा. एकाच जागी उभे राहून कॅमेरा नुसता फिरवला तर खोली निघत नाही, पाय हलले पाहिजेत. झूम बदलू नका, फ्लॅश वापरू नका. ढगाळ दिवस उत्तम. तिरप्या उन्हात कोरीव काम डोळ्यांना छान दिसते, पण सावल्या सरकत राहतात आणि प्रारूपाच्या रंगात कायमच्या बसतात. त्या उन्हाची गरजही उरत नाही: मेशलॅब या सॉफ्टवेअरमध्ये प्रारूपावर हव्या त्या बाजूने प्रकाश टाकता येतो, आणि वीरगळाच्या झिजलेल्या पट्टातला घोडा, ढाल, शिवलिंगापुढे बसलेला वीर हळूहळू वाचता येऊ लागतो. खडबडीत, कोरडा दगड सर्वांत सोपा. चकचकीत पितळी मूर्ती, ओला किंवा ताज्या ऑइलपेंटचा दगड यांवर खुणा धड जुळत नाहीत, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी असे काही निवडू नका.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. फोटोंना आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. हातभर दगड आणि पुरुषभर दगड गणिताला सारखेच. म्हणून फोटोच्या चौकटीत ठळक आकड्यांची मोजपट्टी ठेवा, तीही एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे क्लाउडकम्पेअर या सॉफ्टवेअरमध्ये एका पट्टीवरून माप बसवून दुसरीवर पडताळता येईल.

दगडाला हात लावण्याआधी गुरवाला आणि गावकऱ्यांना विचारा. शेंदूर खरवडू नका. तो त्यांच्या पूजेचा आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात असाल तर तिथले नियम पाळा, आणि ड्रोन उडवायचा असेल तर त्याची परवानगी आधी घ्या. काम झाल्यावर मूळ फोटो जसेच्या तसे, काटछाट न करता, तारीख, गाव, कॅमेरा आणि पट्टीची लांबी लिहून दोन ठिकाणी जपून ठेवा. त्यांची एक प्रत त्या गावच्या शाळेला अवश्य द्या.