मिठावरील कर आणि राज्याचा खर्च : शिरोड्याच्या सत्याग्रहाची आर्थिक बाजू

प्रस्तावना

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे हे गाव मराठी वाचकांना दोन कारणांनी परिचित आहे. वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात तेथील शाळेत अध्यापन केले आणि मे १९३० मध्ये तेथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. या सत्याग्रहाचे वर्णन बहुधा त्याग, लाठीमार व तुरुंगवास या अंगांनी केले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यामागे एक आर्थिक युक्तिवादही होता. कर कमी करावयाचा असेल तर राज्याचा खर्चही कमी केला पाहिजे, असे तो सांगत होता. प्रस्तुत लेखात या युक्तिवादाची मांडणी, त्याचे बळ आणि त्याची मर्यादा मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. विवेचनाच्या काळात हा किनारा रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता.

एक कर गेला, दुसरा आला

मालवण व वेंगुर्ले ही बंदरे १८१२ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आली. मुंबई इलाख्यात १८३७ मध्ये मिठावर दर मणी आठ आणे कर बसविण्यात आला. त्याच सुमारास मालाच्या वाहतुकीवरील जुनी अंतर्गत जकात उठविण्यात येत होती. पुढे १८४४ मध्ये शहरांतील जकाती रद्द झाल्या आणि ती तूट भरून काढण्यासाठी मिठाचा दर एक रुपया करण्यात आला. सुरतेत मोठा क्षोभ उसळल्यावर सरकारला तो खाली आणावा लागला. व्यापाऱ्याचा मार्ग मोकळा झाला, परंतु त्याची किंमत प्रत्येक चुलीवरून वसूल होऊ लागली. करकपात झाली एवढे म्हणणे म्हणूनच पुरेसे नसते. कोणाचा भार उतरला आणि तो कोणाच्या खांद्यावर गेला, हेही पाहावे लागते.

त्यानंतर मिठाचा दर राज्याच्या खर्चाबरोबर वरखाली होत राहिला. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यातील दर मणी १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर गेला. १८८२ मध्ये तो दोन रुपये झाला आणि १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपये. १९०३ पासून टप्प्याटप्प्याने कपात होऊन १९०७ मध्ये तो एक रुपयावर आला. या काळात मिठाचा खप वाढला. मीठ ही टाळता न येणारी गरज असली तरी गरीब माणूस दर पाहून तिच्यातही काटकसर करीत होता, हे यावरून स्पष्ट होते.

१९२३ चे वर्ष या दृष्टीने विशेष बोलके आहे. महायुद्धानंतरची तूट भरून काढण्यासाठी लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुमारे १९ कोटी रुपयांची खर्चकपात सुचविली. त्याच वर्षी सरकारने मिठाचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेण्याचे ठरविले. मध्यवर्ती विधिमंडळाने नकार दिला असता व्हाइसरॉय रीडिंग यांनी स्वतःच्या विशेषाधिकाराने ही वाढ लागू केली. पुढील वर्षी दर पुन्हा सव्वा रुपयावर आला. परंतु कर ठरविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना नाही, ही गोष्ट या प्रसंगाने उघड केली.

किनारा, सीमा आणि मासळी

देशावरील कुटुंबाला मीठ लागे ते जेवणापुरते. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मात्र मीठ हे व्यवसायाचे साधन होते. हंगामात मिळालेली मासळी खारवून व सुकवून ठेवली तरच पावसाळ्यातील महिने निभावत आणि घाटावर विकण्यास माल उरे. मिठावर जड कर असेल तर मासळी खारवणे परवडत नाही, हे सरकारनेही ओळखले होते. म्हणूनच रत्नागिरी व कारवारच्या किनाऱ्यांवर सरकारी देखरेखीखालील आवारे उभारून मासळी खारवण्यासाठी सवलतीचे मीठ देण्याची व्यवस्था करण्यात आली. सवलत होती, पण ती आवाराच्या कुंपणाआड. घरी चूल पेटविणाऱ्या गाबित स्त्रीला तोच कर भरावा लागे.

शेजारच्या गोव्यात मीठ स्वस्त होते आणि शिरोड्याहून सीमा अगदी जवळ. त्यामुळे चोरट्या व्यापाराची भीती कायम असे. तिच्यावर उपाय म्हणून १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मिठाचे नियंत्रण इंग्रजांनी आपल्याकडे घेतले आणि त्याच्या भरपाईदाखल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये देण्याचे मान्य केले. हा करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. एक कर टिकविण्यासाठी पहारे, कोठारे, परवाने आणि परकीय सत्तेशी करारमदार करावे लागत होते. कराचा खरा भार मोजताना हा वसुलीचा खर्चही हिशेबात धरला पाहिजे.

अकरा मागण्यांचा ताळेबंद

३० जानेवारी १९३० रोजी महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’मध्ये अकरा मागण्या प्रसिद्ध केल्या. मिठावरील कर रद्द करावा, जमीन महसूल निम्म्याने कमी करावा, लष्करी खर्च प्रारंभी निदान निम्मा करावा आणि घटलेल्या उत्पन्नाला अनुसरून वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार निम्मे किंवा त्याहूनही कमी करावेत, या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याची मागणीही त्यांत होती आणि कोकणच्या बंदरांना ती जिव्हाळ्याची होती. २ मार्चच्या पत्रात गांधींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना त्यांच्याच वेतनाचा दाखला दिला. महिन्याला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० हून अधिक, आणि सामान्य भारतीयाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी.

सरकारची बाजूही पाहिली पाहिजे. सव्वा रुपया दराने शेरामागे अर्धा आणा कर पडे. एका माणसाला वर्षाकाठी सहा शेर मीठ लागते असे धरले तर त्याच्या वाट्याला तीन आणे येत. हा बोजा हलका आहे, असे सरकारचे म्हणणे होते. गांधींचीच सरासरी घेतली, तर ही रक्कम दीड दिवसाच्या उत्पन्नाइतकी होते. मात्र रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला माणशी दीड दिवसाची कमाईही हलकी नसते. शिवाय श्रीमंत आणि गरीब यांच्याकडून हा कर जवळजवळ सारखाच वसूल होई.

आकड्यांच्या दृष्टीने मिठाची मागणी पेलण्याजोगी होती. या कराचे उत्पन्न साधारण सहा ते सात कोटी होते, तर लष्करी खर्च सुमारे ५५ कोटी. लष्करी खर्चात अष्टमांश कपात केली असती तरी मिठाचा कर पूर्ण उठविता आला असता. दोन्ही बाबी मध्यवर्ती सरकारच्या असल्याने जमाखर्चाचा मेळही बसत होता. जमीन महसुलाचे तसे नव्हते. १९१९ च्या सुधारणांनंतर तो प्रांतांचा झाला होता आणि शाळा, रस्ते, दवाखाने यांचा खर्चही प्रांतांकडेच होता. लष्करातील बचत आपोआप प्रांताच्या तिजोरीत येणार नव्हती. महसूल निम्मा झाला असता तर कोकणातील प्राथमिक शाळांनाच त्याची झळ लागण्याचा धोका होता.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील बऱ्याच गावांत खोती पद्धत होती. महसुलात मिळालेली सूट खोताकडून कुळापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती संपली. मिठावरील कर गेला असता तर त्याचा लाभ मात्र मध्यस्थ खोताला वळसा घालून कूळ, गाबित, मजूर आणि विधवा यांच्यापर्यंत गेला असता. लढ्यासाठी मीठच का निवडले गेले, याचे एक सबळ आर्थिक उत्तर यात मिळते.

शिरोडे आणि त्यानंतर

मिठागरांचा हंगाम पावसापूर्वी संपतो. त्यामुळे मे महिन्यात महाराष्ट्राच्या विविध भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी शिरोड्याच्या आगरांत प्रवेश करून मीठ उचलले, पोलिसांचा मार सोसला आणि कारावास पत्करला. पावसाळा सुरू झाल्यावर आंदोलनाचा भर जंगल सत्याग्रहाकडे वळला.

५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात सरकारने आर्थिक स्थितीचे कारण देऊन मिठाचा कायदा रद्द करण्यास नकार दिला. मात्र जेथे मीठ मिळते वा तयार होते त्या गावांतील रहिवाशांना घरगुती वापरासाठी आणि गावातल्या गावात विक्रीसाठी मुभा मिळाली. किनाऱ्यावरील घरांना हा दिलासा होता, घाटावरील घरांना नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंदीमुळे सरकारने अधिकाऱ्यांच्या पगारात कपात केली आणि त्याच वेळी मिठावर २५ टक्के अधिभारही बसविला. दर १ रुपया ९ आणे झाला. कर पूर्णतः उठला तो १ एप्रिल १९४७ पासून. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही मिठावर शून्य दर ठेवण्यात आला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, करकपातीची मागणी खर्चाच्या हिशेबासह केली तरच ती राज्यकारभाराचा पर्याय ठरते, आणि १९३० ची मागणी तशी होती. दुसरी, सर्व करकपाती सारख्या नसतात. मिठावरील करकपात थेट चुलीपर्यंत पोहोचणारी होती, जमीन महसुलातील कपात खोताच्या दारात अडणारी होती. तिसरी, खर्चकपात हेही सरसकट मूल्य नव्हे. व्हाइसरॉयचे वेतन आणि गावची शाळा हे दोन्ही खर्चच, पण त्यांना एकच कात्री लावता येत नाही. कोणता खर्च कोणासाठी, हे ठरविण्याचा अधिकार लोकांच्या हाती असावा, हा शिरोड्याच्या मिठागरातील मूळ प्रश्न होता. कोणत्याही अर्थसंकल्पाकडे पाहताना तो आजही विचारण्यासारखा आहे.